फोडणीचा भात आणि नऊ महिने

२०२४ चा दसरा शनिवारी होता. आमच्याकडे दुपारी अकरा माणसं जेवायला, मला तिसरा महिना संपत आलेला, बातमी फक्त घरच्यांना माहीत, त्यामुळे पाहुण्यांसमोर हसत हसत फिरायचं आणि मधेच गुपचूप बाथरूममध्ये जाऊन यायचं असं चाललेलं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, वरणभात. आता श्रीखंड-पुरी हाणल्यावर वरणभात कोण खातं, दरवर्षी उरतो आणि दरवर्षी आम्ही तेवढाच लावतो. पातेलंभर उरला. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून पातेल्यावर ताट झाकलं आणि ओट्यावरच ठेवलं. रात्री कोणालाच भूक नव्हती. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आमच्याकडे भात ओट्यावरच राहतो, माझ्या माहेरीही आणि माझी खात्री आहे तुमच्याकडेही.

रविवारी सकाळी नवऱ्याने हौसेने त्याचा फोडणीचा भात केला. कांदा, शेंगदाणे, भरपूर कढीपत्ता, वर ओलं खोबरं आणि लिंबू. मला दोन महिने काही म्हणजे काही जात नव्हतं, वास आला तरी पोटात ढवळायचं, आणि त्या दिवशी मी दोन प्लेट खाल्ल्या. सगळे इतके खूश झाले की सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. हे साडेनऊला. साडेअकराला मला उलट्या सुरू झाल्या.

मग जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या होतं गं, दिवसच आहेत तसे, मला तर पाचव्यापर्यंत पाणी पचत नव्हतं. आई फोनवर म्हणाली आल्याचा तुकडा चाट. समोरच्या काकू, ज्यांना बातमी माहीत असायचं काही कारण नव्हतं, त्या म्हणाल्या इतका त्रास म्हणजे बाळाला जावळ दाट असणार. मी स्वतःसुद्धा तेच समजत होते. आणि मग बाराच्या सुमाराला नवरा टीव्हीसमोरून उठला आणि तोंडावर हात धरून पळत सुटला.

सासरे पेपरातून वर न बघता म्हणाले, "आता ह्याला कितवा?"

सासऱ्यांनी भात खाल्ला नव्हता, त्यांनी आदल्या दिवशीच्या पुऱ्या चहात बुडवून खाल्ल्या होत्या, ते ठणठणीत.

सोमवारी आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी सगळं सांगायला लागले की पोळी नाही खाल्ली, बाहेरचं काही नाही, पपई तर घरात आणलीच नाही, तेव्हा त्यांनी मला मधेच थांबवलं. म्हणाल्या, "काय खाल्लं ते सगळ्या सांगतात. कधीचं होतं ते सांग." मी म्हटलं काल दुपारचा, नाही, परवा दुपारचा भात. त्यांनी हिशोब केला, साधारण वीस तास, आणि ते पण ऑक्टोबर हीटमधले.

हा प्रकार मला तोपर्यंत माहीतच नव्हता. तांदळात मातीतनं आलेला एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस, तो बीजासारख्या अवस्थेत कडक कवच घेऊन बसतो आणि त्या अवस्थेत तो कुकरमध्ये मरत नाही. भात शिजला, कोमट झाला, ओट्यावर राहिला की ते बीज उघडतं, जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. आणि खरी गोम इथेच आहे, ते विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे आपण जे आयुष्यभर ऐकलंय ना, "चांगलं खमंग परतलं की काही होत नाही", ते इथे चालत नाही, जंतू मरतात पण विष तसंच राहतं. खाल्ल्यावर तासाभरापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू, आणि बहुतेकदा दिवसभरात आटोपतं. भाताला वास येत नाही, चव बदलत नाही, तार सुटत नाही. आमचा भात तर फार छान झाला होता हो.

बाळाला त्याने काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या यात मोठी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची, म्हणून ओआरएस घोट घोट पीत राहा, आणि पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, अंदाजपंचे नाही. उलट्या-जुलाबाची गोळी मनाने घ्यायची नाही. आणि ताप आला, पोटात कळा आल्या, लघवी कमी झाली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली (हे पुढच्या महिन्यांसाठी) तर वाट न बघता फोन करायचा, रात्री दोन वाजता सुद्धा.

तर तेव्हापासून आमच्या घरात "कधीचं?" हा प्रश्न सुरू झाला, आणि मला जे काही सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे. कारण नऊ महिन्यांत मला "काय खातेस" हे शंभर जणांनी विचारलं. पपई नको, अननस नको, तीळ उष्ण, वांगं वातूळ, बाजरी उष्ण, संक्रांतीला तिळगुळाचा एक लाडू खाल्ला तर एका मामींनी असं बघितलं की जणू मी सिगरेट पेटवली. पण कधी केलंय, कोणी कापलंय, कुठल्या पाण्याने धुतलंय, हे कोणीच विचारलं नाही.

पपईचंच घ्या. कच्च्या पपईत चीक असतो आणि ती टाळायला डॉक्टरही सांगतात, ते मी मुकाट्याने ऐकलं. पण एकदा स्वारगेटजवळ मी आणि माझी जाऊ उन्हातनं चाललो होतो तर ती म्हणाली थांब तुला फ्रूट प्लेट घेऊन देते, आणि गाडीवाल्याला म्हणाली, "भैया पपया निकाल के देना, इनको चलता नहीं." त्याने पपईच्या फोडी हाताने उचलल्या, शेजारच्या प्लेटमध्ये टाकल्या, त्याच हाताने कलिंगड सारखं केलं, ज्यावर सकाळपासून पाणी मारत होता, कुठलं पाणी ते देव जाणे, वर त्याच फडक्याने सुरी पुसली ज्याने तो घाम पुसत होता, आणि चाट मसाला घालून माझ्या हातात दिली. जाऊबाई समाधानी, कारण पपई नव्हती. मी ती प्लेट हातात धरून उभी, आणि तिला कसं सांगू की यातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट बहुतेक ती पिकलेली पपईच होती. अख्खं फळ घरी आणायचं, आधी धुवायचं मग कापायचं (कलिंगडसुद्धा, सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते) आणि कापल्यावर लगेच खायचं, इतकं सोपं आहे हे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिला दुसरं झालं तेव्हा तिथे डॉक्टरांनी छापील यादी दिली होती, ती तिने मला फोटो काढून पाठवली. मऊ परदेशी चीज नको, थंड मांसाचे काप नको, हॉटडॉग गरम केल्याशिवाय नको, धुरावलेला मासा नको. मी वाचून हसले, म्हटलं मी पुण्यात धायरीत राहते, मला यातलं बघायला पण मिळत नाही, म्हणजे मी सुटले. ती म्हणाली यादी नको बघू, यादी कशासाठी आहे ते बघ. ते सगळं लिस्टेरिया नावाच्या जंतूसाठी आहे.

हा लिस्टेरिया आपल्याकडे फारसा कोणाच्या बोलण्यात नसतो. बाकीचे बहुतेक जंतू फ्रिजमध्ये गप्प बसतात, हा फ्रिजमध्ये पण वाढतो, सावकाश, पण वाढतो. आणि गरोदर बाईला तो इतरांपेक्षा साधारण दहापट जास्त धरतो, कारण शरीराने बाळाला परकं समजून हाकलू नये म्हणून आपली प्रतिकारशक्ती त्या काळात एका बाजूने जरा मवाळ झालेली असते. वाईट भाग असा की आईला नुसता ताप, अंगदुखी, फ्लूसारखं होतं आणि जातं, पण तो वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो, गर्भपात होऊ शकतो, बाळ दगावू शकतं. खाल्ल्यावर कित्येक आठवड्यांनी सुद्धा लक्षणं येऊ शकतात त्यामुळे कशाने झालं ते आठवतही नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये याची मोठी साथ आली होती, हजारावर रुग्ण, दोनशेवर मृत्यू, त्यात कितीतरी नुकतीच जन्मलेली बाळं, आणि कारण काय तर तयार मिळणारं पोलोनी नावाचं मांस, आपल्या सँडविचच्या सलामीसारखं. दिलासा एवढाच की चांगलं वाफ येईपर्यंत गरम केलं की हा मरतो, आणि वेळेत कळलं तर अँटिबायोटिकने बरा होतो, म्हणून गरोदरपणात ताप अंगावर काढायचा नाही.

मग मी ती यादी धायरीच्या घरात बसवली. थंडच खायचं आणि फ्रिजमध्ये दिवसेंदिवस राहतं असं आपल्याकडे काय आहे? डेअरीतलं पाण्यात बुडवलेलं सुट्टं पनीर, जे मी तोपर्यंत कच्चंच मीठ-मिरपूड घालून खायचे. सँडविचची हिरवी चटणी जी रविवारी वाटून गुरुवारपर्यंत पुरवायचो. बाहेरून आणलेलं, गरम न करता पोळीत गुंडाळायचं चिकन सलामी. आणि दूध. आपल्याकडे दूध तापवायची सवय आहे हे आपलं नशीब, पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं तरी आपण तापवतो, साय धरते, दही लागतं, सगळं छान. फक्त आमचे सासरे कोल्हापूरकडचे. तिकडे गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळतात आणि फेसासकट पेला तोंडाला लावतात, आणि गरोदर बाईला तर धारोष्ण दूध म्हणजे त्यांच्या मते अमृतच. दिवाळीला गेलो तेव्हा माझ्यासाठी मुद्दाम पितळी पेला भरून आणला. मी म्हटलं बाबा, तापवून द्या ना. ते म्हणाले तापवल्यावर त्यात राहिलं काय? मला वाद घालायचा नव्हता, मी म्हटलं मला गरम आवडतं. त्यांनी तापवून दिलं, पण तोंड असं केलं की मी जणू हापूस शिजवून मागितला.

त्याच सुमाराला मी फ्रिजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मागवला, नवरा म्हणाला आता हेच राहिलं होतं. फ्रिज पाच डिग्रीच्या आत हवा असं वाचलं होतं. रात्रभर ठेवून सकाळी बघितला तर मधल्या कप्प्यात नऊ आणि दारात बारा. बारा! जिथे आपण दूध ठेवतो. कारण फ्रिज इतका गच्च भरलेला की आत गार हवा फिरायला जागाच नाही, वर गरम पातेली तशीच आत सरकवायची सवय, आणि खाली तळाशी तीन कॅरीबॅगमध्ये काय होतं ते मी इथे लिहीत नाही. एका रविवारी सगळं रिकामं केलं, नॉब फिरवला, दूध आत हलवलं, कच्चं चिकन-मासे सगळ्यात खालच्या कप्प्यात डब्यात बंद, म्हणजे त्यांचं पाणी कोशिंबिरीवर ठिबकणार नाही. चार डिग्री आलं. नवऱ्याने त्या थर्मामीटरचा फोटो स्टेटसला ठेवला.

आणि भात? आता उरलेला भात ताटात पसरायचा, वाफ गेली की डब्यात आणि तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करून संपवायचा. फोडणीचा भात बंद केलेला नाही, तसा अन्याय मी माझ्यावर होऊ देणार नाही. बाकी शिजवलेल्या कशालाही दोन तास, त्याच्यावर बाहेर राहिलं तर माझ्या ताटात नाही.

आता मोडाबद्दल, इथे माझं आणि आईचं वाजलं. आईच्या मते जगातला सगळ्यात पौष्टिक पदार्थ म्हणजे कच्ची मोड आलेली मटकी, वर कांदा, लिंबू. ती डबे भरभरून पाठवायची. मी पण खायचे, हेल्दी म्हणून. पण विचार करा मोड कसे आणतो आपण, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवतो, म्हणजे मटकीला जे लागतं तेच जंतूंना लागतं, आणि बी वरच जंतू असतील तर ते आत भेगांत बसतात, धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय नावाच्या जंतूची एक भयंकर साथ आली, हजारो लोक आजारी, पन्नासच्या आसपास मेले, आधी बिचाऱ्या काकडीवर आळ आला आणि शेवटी निघालं काय तर मोड आलेली मेथी! हो, आपली मेथी. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली जर्मन लोकांना मोड आणता येत नाहीत. मग तह झाला. डबा येणार, पण मी त्याची उसळ करणार, एक तरी चांगली उकळी, आणि आईने फोनवर विचारायचं नाही की कच्ची खाल्ली का. मिसळीतली मटकी शिजलेली असते म्हणून मिसळ चालते, ह्या निष्कर्षाला मी शास्त्रीय तेज आणून बराच काळ वापरलं. वरचा कच्चा कांदा घरी चिरलेला असेल तर.

मांसमच्छी थोडक्यात. अंडं पूर्ण शिजलेलं, हाफ फ्राय आणि घरी केलेलं मेयॉनीज बंद. चिकन नळाखाली धुवायचं नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं कारण शिंतोडे उडून सगळ्या सिंकभर जंतू पसरतात, पण आपल्याकडे चिकन न धुता शिजवा असं म्हटलं तर घर सोडावं लागेल, म्हणून आम्ही भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवायचो आणि मग सिंक, ओटा, हात साबणाने घासायचो. भाजीची सुरी वेगळी. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं मी त्या वर्षी खाल्ली नाहीत, ती पाणी गाळून जगतात, पाण्यातलं सगळं त्यांच्या पोटात. मोरी, म्हणजे शार्क, पाऱ्यामुळे नको असं मॅडमनी सांगितलं. बांगडा मात्र यथेच्छ खाल्ला.

पाण्याचा विषय आला आणि मग मजा संपली.

२०२५ च्या जानेवारीत मला सातवा लागला, आणि त्याच महिन्यात सिंहगड रोडला जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली. पुण्याबाहेरच्यांना कदाचित आठवत नसेल. पुण्याजवळचं नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी, आमचाच पट्टा. आधी जुलाब व्हायचे आणि मग काही दिवसांनी हातापायातली ताकद जायची, काही जण व्हेंटिलेटरवर गेले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, तोच जो कच्च्या चिकनवर आणि घाण पाण्यात असतो, आणि सगळं बोट पाण्याकडे दाखवायला लागलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज, टँकर कुठून येतो, टाकी कधी धुतली, कोणी म्हणे पनीर खाऊ नका, कोणी म्हणे आमच्याकडे आरओ आहे आम्हाला काळजी नाही.

आरओ आमच्याकडेही होता. पण आरओचं पाणी आम्ही कशात भरत होतो? माठात. आणि माठातनं कसं काढत होतो? पेला बुडवून, बोटांसकट, सगळे, भाजी चिरता चिरता, मोबाईल बघता बघता. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी एका सकाळी काही न बोलता माठ घासला, नळाचा माठ आणायला सासऱ्यांना पिटाळलं आणि स्टीलच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, खळखळून. दर दिवशी, दोन वेळा. मी म्हटलं आई गॅस किती जाईल. त्या म्हणाल्या जाऊ दे.

रात्री त्यांनी सांगितलं. सासूबाई इचलकरंजीच्या. तिथे २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती, पाण्यातून, घरटी माणूस आजारी. त्यांच्या शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना, तिला झाली. "घरी आली ती," सासूबाई म्हणाल्या, "पण एकटीच आली." आणि उठून गॅस बघायला गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही, मोबाईलवर वाचत बसले. ती कावीळ म्हणजे हेपटायटिस ई. एरवी धडधाकट माणसाला हा आजार होतो आणि काही आठवड्यांत बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला झाला तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी तो आकडा तीनदा वाचला. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून कावीळ पसरली तेव्हा हजारो लोक आजारी पडले, गरोदर बायका जास्त दगावल्या, आणि हा वेगळाच विषाणू आहे हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. तो शोधणारा एक रशियन शास्त्रज्ञ, बालायन, त्याने रुग्णांच्या शौचाचा अर्क स्वतः पिऊन स्वतःला कावीळ करून घेतली आणि मग स्वतःच्याच नमुन्यात विषाणू बघितला, १९८३ मध्ये ते छापून आलं. पहाटे तीन वाजता सातव्या महिन्यात वाचायची ही गोष्ट नाही. पण एक कळलं की उकळलेल्या पाण्यापुढे हा विषाणू टिकत नाही, कॅम्पिलोबॅक्टरही टिकत नाही, आणि सासूबाईंच्या त्या पातेल्याची मी परत कधी थट्टा केली नाही. नुसतं गरम नाही हं, बुडबुडे फुटून खळखळ उकळी, निदान एक मिनिट, आणि ज्यात उकळलं त्यातच झाकून ठेवायचं. पाणीपुरी, गोळा, उसाचा रस, लग्नातलं जलजीरा, ताकात टाकलेला बर्फ, सगळं बंद, कारण ताक घरचं असलं तरी बर्फाला विचारता येत नाही कुठून आलास.

आणि अशा वातावरणात माझं डोहाळजेवण. फेब्रुवारीचा पहिला रविवार, चाळीस बायका, हॉल, केटरर. मी म्हटलं रद्द करू. दोन्ही आया एकदम म्हणाल्या काहीतरीच काय. मग फुलांचे दागिने घालून, पाटावर बसून, मी एका बाजूला हसत होते आणि दुसऱ्या डोळ्याने बुफेचं टेबल बघत होते. अकरा वाजता मांडलेलं टेबल, जेवणं दीडला. कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीवडे, कापलेली फळं डिझाइन करून, वर माश्यांसाठी जाळी. ओटी भरून झाली, दोन वाट्यांचा खेळ झाला, मी बर्फी उचलली, टाळ्या वाजल्या.

ताट आलं तेव्हा माझ्या एका आत्याने त्यात स्वतःच्या हाताने दहीवडा वाढला. मी म्हटलं नको आत्या. "अगं डोहाळे तुझे आणि ताटात काहीच नाही? बाळाची लाळ गळेल जन्मभर." सगळ्या बघायला लागल्या, फोटोवाला पण थांबला, आणि मी चमचा उचलणारच होते, खरंच, माझ्यात तेवढं धैर्य नाही, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या केटररच्या मुलाला विचारत होत्या, "दहीवडा कधीचा रे?" तो म्हणाला, "सकाळी सातचा आहे मावशी, एकदम फ्रेश." सासूबाईंनी माझ्या ताटातला वडा उचलला, त्याच्या ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "हिच्यासाठी कढईतले बटाटेवडे आण, आत्ता काढलेले, आणि भात खालनं, वाफेचा." आत्या आठवडाभर बोलत नव्हती. वडे पाच खाल्ले मी. बाळाची लाळ सध्या गळतेय, पण सगळ्याच बाळांची गळते.

एप्रिलच्या शेवटी लेक झाली. दुसऱ्या दिवशी आजेसासूबाई आल्या, ब्याऐंशी वर्षांच्या, इचलकरंजीहून गाडी करून, एका हातात सोन्याची अंगठी आणि दुसऱ्यात मधाची छोटी बाटली, पणतीला सोनं-मध चाटवायला. आणि मला घाम फुटला, कारण मध हे वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचं नसतं, त्यात बोटुलिझमच्या जंतूचं बीज असू शकतं, भातातल्यासारखंच कवचवालं, आपल्या पोटात ते काही करू शकत नाही पण बाळाच्या आतड्यात उघडतं. मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी सवयीने विचारलं, "आई, मध कधीचा आहे?"

आजेसासूबाई म्हणाल्या, "मध कुठं शिळा होतो गं?"

आणि ते खरंच आहे. आम्ही दोघी गप्प. सहा महिने जपलेला आमचा एकुलता एक प्रश्न गेला की वाया. शेवटी नर्स आली, तिने स्पष्ट सांगितलं मध नाही आजी, आईच्या दुधाशिवाय काही नाही. आजेसासूबाईंनी जरा वेळ विचार केला, अंगठी नर्सला दिली, ती उकळत्या पाण्यातून काढून आणवली, गार होऊ दिली आणि कोरडीच बाळाच्या कपाळाला लावली. मग बाटलीचं बूच काढलं, बोटभर मध माझ्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, तूच खा मग, तुला तर चालतो ना.

लेक उठली वाटतं. बाटली अजून आहे माझ्याकडे, रोज चमचाभर खाते.